उजव्या डोळ्यानं पाहिलेला डोंगर

पिंपळवंडी, ता. जुन्नर
४ सप्टेंबर २०२५

सौ. उज्ज्वला हिला,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. घ्यायचे असले तर घे.

हे पत्र माझी सून वृषाली लिहीत आहे. मी सांगते, ती लिहिते. माझं अक्षर हल्ली बिघडलं आहे म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. पाऊस चांगला झाला. माझ्या पप्पूने विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू लावला आहे, दसऱ्याला तोडायला येईल. गेल्या सोमवारी तो बेल्ह्याच्या बाजाराला गेला होता, तिथे आपला मामेभाऊ बहिरू भेटला. तुझ्या लेकाला मुलगा झाला असं त्याच्याकडून कळलं. तुझ्या लेकाच्या लग्नाला मी बडोद्याला आले नाही, पण नातवाला आशीर्वाद आहेत. त्याला आपलं भांडण लागू नाही.

तीन वर्षं झाली. फोनवर तू मला जे बोललीस ते मी विसरलेले नाही. मी तुला काय बोलले ते तू विसरली असशील, तर बरंच आहे.

मी चांगली आहे. काळजी करू नये.

साळुबाई

उज्ज्वलामावशी, आई चुलीकडे गेल्या आहेत तेवढ्यात माझ्या मनाने या ओळी लिहिते. आई चांगल्या नाहीत. त्यांना दिसत नाही. चार वर्षांपासून कमी होत होतं आणि त्यांनी घरात कुणालाच कळू दिलं नाही. आम्हालाही श्रावणात कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दहा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्या फार घाबरल्या आहेत, कारण त्यांच्या सासूबाईंचा डोळा जुन्या काळी ऑपरेशनातच गेला होता. हे पत्र त्यांनी आजच का लिहायला लावलं, ते तुमच्या लक्षात येईल. त्या आल्या, थांबते. वृषाली.


पिंपळवंडी
२१ सप्टेंबर

उज्ज्वला,

अक्षर बघ. माझं हाय. ओळी वर-खाली गेल्यात, पण माझ्या हातच्या हायेत.

वृषालीनं मागच्या पत्राखाली काय खरडलं ते तिनं काल कबूल केलं. मी चिडले न्हाई. म्हणजे चिडले, पण चहा होईस्तोवर.

खरं हाय तिचं. चार वर्सं डोळ्यापुढं धूर व्हता. माणसं आवाजावरनं वळखायची. पातेलं हाताला लागलं की कुठलं ते कळायचं. शेताची वाट पायांना पाठ व्हती. पप्पूला कळलं असतं तर त्यानं मला घरात बसवली असती, म्हणून गप राहिले. आन सासूबाईंचं तू बघितलं नव्हतंस. दवाखान्यातनं आल्या त्या एक डोळा कायमचा मिटूनच आल्या. ती भीती माझ्या पोटात चाळीस वर्सं बसलेली.

मला पकडलं जन्नतबीनं. नारायणगावची बांगड्यावाली. तुझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला व्हता बघ. श्रावणात ती दारात आली. सुनेला हिरव्या भरायच्या म्हणून मीच टोपलीत हात घातला. म्हणाले, "ह्या भर."

ती म्हणाली, "साळूबाय, ह्या चॉकलेटी हायेत."

"मग चॉकलेटीच पायजेत," मी म्हणाले.

तिनं वृषालीला पाणी आणायला आत धाडलं आन माझ्यापुढं हात धरला. "बोटं किती?"

"पाच."

"मूठ हाय ती," जन्नतबी म्हणाली.

मी रडले तेव्हा. दारात, टोपलीपाशी. ती काय गप बसवणारी न्हाई. म्हणाली, "माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. मेले का मी? हजार हातांत बांगड्या भरते, एक फुटत न्हाई. तू कशाला अंधारात बसतीस? मी येते संगं." आन खरंच आली. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापातुर आली.

मी आतमधी आख्खा वेळ देवीचं नाव घेत व्हते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आजी, जीभ हलली तरी चालेल, डोकं हलवू नका." पंधरा मिनिटांत झालं. चाळीस वर्सांची भीती आन पंधरा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोर दवाखान्याची भिंत. निळी! मी म्हणाले, रंग कधी दिला? जन्नतबी म्हणाली, "पैल्यापासनं निळीच हाय. काल तूच म्हणालीस, किती मळकी भिंत हाय म्हणून."

सगळे हसले. मीबी हसले. पण घरी येईस्तोवर माझ्या डोक्यात त्या भिंतीनं घर केलं. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज हात दुखतोय.

साळू


पिंपळवंडी
१ ऑक्टोबर

उज्ज्वला,

तुझं उत्तर न्हाई. नसू दे.

उद्या दसरा. झेंडूची तोडणी आजच झाली, दारात पोत्यांची रांग हाय. मला डॉक्टरीण बाईंनी वाकू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मी नुसती ओट्यावर बसून बघत व्हते. पिवळी पोती वायली आन केशरी वायली. पप्पूचं एक पोतं मिसळलं, ते मीच दाखवलं.

हे सगळं मी उगंच लिहितेय. जे लिहायचं हाय ते दोनदा लिहून फाडलं.

ती साडी. तुझ्या लेकाच्या लग्नाला नेसून ये म्हणून तू बडोद्यावरनं धाडलेली. ह्यांना जाऊन तवा पाचच म्हैने झाले व्हते. मी पार्सल उघडलं आन बघितलं तर मातीचा रंग. वल्ल्या मातीचा. माझ्या मनात आलं, सख्ख्या बहिणीनंबी मला सांगितलं की आता तू विधवा, आता तुझा रंग हाच. मी ती कुणाला दाखवली न्हाई. ट्रंकंत तळाला टाकली, कुलूप लावलं आन तुला फोन केला. काय बोलले ते मला शब्दाला शब्द ठावं हाय. "नवरा मेला म्हणून मातीचं लुगडं धाडतीस? मी काय आता मातीतच जायची ऱ्हायले?" तुला धड बोलूबी दिलं न्हाई.

आन तू रागानं म्हणालीस, "ताई, डोळे फुटलेत का तुझे?"

जगात कुणाला ठावं नसलेली गोष्ट तू फोनवर बोललीस असं मला वाटलं. तुला कुठं ठावं व्हतं? तू आपलं रागात बोललीस, समदे बोलतात तसं. पण माझ्या वर्मी लागलं. मी फोन ठेवला, लग्नाला आले न्हाई, आन तीन वर्सं झाली.

काल दसऱ्याला काय नेसावं म्हणून ट्रंक उघडली. खोटं कशाला लिहू, त्या निळ्या भिंतीमुळं उघडली. साडी उन्हात धरली.

जांभळी हाय ती, उज्ज्वला. पिकल्या जांभळाची. काठाला हिरवं हाय, आन पदरावर मोर. मी डावा डोळा झाकला, जांभळी. मग उजवा झाकून डाव्या डोळ्यानं बघितली, ज्याचं ऑपरेशन राहिलंय. माती. तोच पदर, तीच मी, तेच ऊन. चार-पाच डाव तसं केलं. वृषाली म्हणाली, "आई, काय करताय?" मी म्हणाले, "तीन वर्सं कुणाशी भांडले ते बघतेय."

चूक माझी हाय. समदी माझी. दिसत न्हाई एवढं म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताई, रंग दुसऱ्या कुणाला विचार. पण मला ते म्हणायचंच नव्हतं. आंधळी म्हणवून घेण्यापरीस मी तुला वाईट ठरवलं. ते मला सोपं वाटलं.

माफ कर असं लिहायला लाज वाटत न्हाई आता. माफ कर.

साळू


पिंपळवंडी
१३ ऑक्टोबर

उज्ज्वला,

काल दुपारी बारा-साडेबाराला अनोळखी नंबरावरनं फोन आला ना, तो मीच केलेला. माझा नंबर तू ठेवला न्हाईस ते मला ठावं हाय, म्हणून जन्नतबीच्या नवऱ्याच्या, हनीफभाईच्या फोनवरनं लावला. तू उचललास. पुढं रेंज गेली. जे सांगायचं ऱ्हायलं ते आता बसून लिहिते. कागद चार घेतलेत.

आई आपल्याला दुर्गावाडीला घेऊन गेली व्हती, आठवतं का? तू चार वर्सांची, मी दहाची. देवीला गेलो व्हतो, दसऱ्यानंतर. तू पिवळी फुलं तोडून तोंडात घातलीस आन आईनं पाठीत धपाटा दिला. ऑपरेशनला म्हैना झाला तवा डॉक्टरीण बाईंनी इचारलं, "आजी, आता काय बघायचंय?" माझ्या तोंडातनं पटकन निघालं, दुर्गावाडीचा डोंगर.

पप्पू नको म्हणाला. "आई, आता कुठं टाके भरलेत." मी म्हणाले, टाके न्हाईतच, डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय. काळा चश्मा लावून जा म्हणाल्यात. "अगं पण तिथं बघायला काय हाय? आपल्याकडं काय झाडं न्हाईत?" मी म्हणाले, "चार वर्सं मी ह्या घराच्या भिंती बघितल्या, त्याबी मळक्या."

हनीफभाईची जीप सकाळी सातला दारात. पुढं हनीफभाई, मागं मी, जन्नतबी आन वृषाली. मी ती जांभळी साडी नेसले. जन्नतबीनं खालपासनं वरपातुर बघितलं आन म्हणाली, "आज पोरी लाजतील." मी म्हणाले, माझ्या बहिणीनं दिलीया. पैल्यांदाच बोलले तसं. वृषाली खिडकीबाहेर बघाय लागली.

जुन्नर मागं पडलं. वडजच्या धरणाचं पाणी आलं. पाणी एवढं निळं असतंय? हनीफभाई म्हणाले, "भाभी, थांबवू का?" मी म्हणाले, नको, असं चालत्या गाडीतनंच बघू दे, सरकतंय ते बरं वाटतंय. आपटाळ्याच्या पुढं घाट लागला. भाताची खाचरं पिकाय आलेली, वरनं पिवळी आन बुडाला अजून हिरवी. नाचणी तांबूस. कड्याचं गवत, श्रावणात जे हिरवंगार असतं ते, आता सोन्यावाणी झालंय आन वाऱ्यानं एका अंगाला वळतंय. हिरड्याची झाडं मधी काळपट हिरवी. एखाद्या झाडावर चार-दोन पानं लालभडक, पुढं झडायची, जाता जाता रंग घेतलेली.

आन पठारावर आलो तर तेलाची खुरासणी फुललेली.

तुला कसं सांगू? जमीनच दिसंना. वाकडीतिकडी शेतं, टेकाडावर चढलेली, उतारावर सांडलेली, समदी पिवळी. मी जीपमधनं उतरले, बांधावर उभी राहिले, काळा चश्मा काढला आन डावा डोळा झाकला. पिवळं. उजवा झाकला. मळकं, जुन्या चादरीगत. परत डावा झाकला. पिवळं! मी मोठ्यानं हसाय लागले.

शेतात एक बाई गवत कापत व्हती. म्हणाली, "आजी, पुण्याची माणसं हितं येऊन फोटो काढतात. तुमी एक डोळा झाकून काय करता?"

म्हणाले, "एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एकाचं व्हायचंय. दोन्हीची पारख करतेय."

ती विळा खाली ठेवून जवळ आली. "मग कुठला चांगला?"

"हा," म्हणाले. "ह्याला तुझं शेत दिसतंय. दुसऱ्याला नुसतं माळरान दिसतंय."

तिलाबी हसू फुटलं. म्हणाली, "आमच्या आत्यालाबी दिसत न्हाई. घाबरते." मी तिला दवाखान्याचं नाव सांगितलं आन जन्नतबीनं तिच्या मोबाईलात नंबर घालून दिला. म्हणाली, "आत्या न्हाई म्हणाली तर मला फोन लाव. मी मूठ दाखवते तिला."

देवीचं देऊळ राईत हाय. उन्हातनं आत शिरलं की एकदम गार. दगडांची वाट, त्यावर शेवाळ, दोन्ही अंगाला झाडी. वृषाली पुढं, मी मधी, माझ्यामागं जन्नतबी, शेवटी हनीफभाई. एका चढाला जन्नतबीचा गुडघा लचकला. "थांब जरा," म्हणाली आन आधाराला फांदी धरायला हात वर केला. मी वळून बघितलं.

वारा व्हता. समदी पानं हलत व्हती. तिच्या हाताजवळचं एक हिरवं हलत नव्हतं.

"जन्नत, हात मागं! मागं घे हात!"

ती जिथल्या तिथं थिजली. हात हवेत. मी तिचं मनगट धरून खसकन ओढलं. दोघी दगडावर बसलो. हनीफभाई म्हणाले, "काय झालं भाभी? काय हाय?"

"साप हाय. फांदीवर."

"कुठं?"

"ती दोन पानं जुळलीत त्याच्या खाली. पानांचा हिरवा काळपट हाय, त्याचा हिरवा पोपटी हाय. डोकं तिकोनी. बघा."

हनीफभाई बघतच ऱ्हायले. म्हणाले, "मला अजून दिसंना." वृषालीलाबी दिसंना. तिनं मोबाईलात फोटो काढला, मोठा करून बघितला तवा कुठं दिसला. हिरवा चापडा. फांदीला वेटोळं घालून बसलेला, जन्नतबीची बोटं जिथं पडणार व्हती तिथंच. विषारी असतो तो.

हनीफभाईंच्या तोंडातनं "या अल्ला" निघालं. आमी त्याला हात लावला न्हाई, काठी लावली न्हाई. त्याचं घर हाय ते. गवतातनं वळसा घालून वर गेलो.

जन्नतबी वर जाऊन पायरीवर बसली. घोट घोट पाणी प्याली. मग माझ्यापुढं हात धरला. "बोटं किती?"

"पाच," मी म्हणाले. "समदी शाबूत हायेत."

उज्ज्वला, तिथं जन्नतबीनं मला जशी घट्ट धरली तशी तू सासरी निघाली व्हतीस तवा मला धरलेलीस. दोघी रडलो आन दोघी हसलो, आन हनीफभाई तोंड फिरवून उगंच झाडं मोजत बसले. तुला मी हे का सांगते? दोन म्हैन्यांमागं मला मूठ आन बोटं कळत नव्हती. काल राईत चौघांत एकटीला तो साप दिसला. मला! मी घरी येऊन पप्पूला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगाय लागले तर तो म्हणाला, "आई, गावात दवंडी देऊ का?" मी म्हणाले, दे.

देवळात गेले. आत झाडणारी बाई व्हती. देवीचा शेंदूर केशरी असतोय हे मी विसरले व्हते बघ, माझ्यासाठी तो कधीचा काळा पडला व्हता. मी काय मागितलं न्हाई. उभी राहून बघत राहिले. बाई म्हणाली, "आजी, नवस हाय का काय?" म्हणाले, "न्हाई गं. बघतेय फक्त." ती केरसुणी बाजूला ठेवून थांबली, माझं बघून होईस्तोवर.

तिथनं कड्यावर गेलो. खाली आख्खं कोकण. वढे चांदीच्या तारेवाणी, घरं काड्याच्या पेट्यांएवढी. हनीफभाई म्हणाले, हितं कोकणातल्या टॉवरची रेंज मिळते कधी कधी. मी म्हणाले, द्या फोन.

तू म्हणालीस, "कोण?"

मी म्हणाले, "मी साळू."

मी जीपमधी बसल्यापासनं काय बोलायचं ते जुळवून ठेवलेलं. माफी, साडी, समदं. त्यातलं एक आलं न्हाई. म्हणाले, "उज्ज्वले, सगळं पिवळं हाय गं."

तू म्हणालीस, "कुठं हाईस तू?"

"दुर्गावाडीला. डोंगरावर. चालत आले, माझ्या डोळ्यांनी."

आन मग तू "ताई" म्हणालीस. रडत व्हतीस का वाऱ्याचा आवाज व्हता, ते कळलं न्हाई. फोन गेला. हनीफभाईंनी हात वर करून चारी दिशांना फिरवला, पण रेंज काय परत आली न्हाई. मला त्याचं वाईट वाटलं न्हाई. तीन वर्सांनी ताई ऐकलं. मी कड्याच्या अलीकडं उभी राहून तुझ्या नावानं अशी आरोळी ठोकली की वृषालीनं माझा पदर धरला. समोरच्या डोंगरानं तुझं नाव परत दिलं. दोन डाव.

आता कामाचं. अठ्ठावीस तारखेला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. मंगळवार हाय, सकाळी नवाला दवाखान्यात पोचायचं. या वेळी पप्पू नको, वृषाली नको, जन्नतबीलाबी सांगितलंय की तू तुझी बांगड्यांची टोपली सांभाळ. माझ्यासंगं तू यायचंस. दिवाळी तुझ्या घरची कर, नातवाला घेऊन बस, आन सत्तावीसला निघून ये. नातवालाबी आण, मला त्याचा रंग बघायचाय, तुझ्यावर गेलाय का तुझ्या नवऱ्यावर.

दवाखान्याच्या पायऱ्या मी आता माझी मी चढते. हात धरायची गरज न्हाई. तरीबी धर.

तुझी
साळूताई